लेन्स डोळ्यात टिकते कशी?

1888 साली झ्युरिकमध्ये आडोल्फ फिक या जर्मन डॉक्टरने काचेच्या कॉन्टॅक्ट लेन्सवरचा निबंध प्रसिद्ध केला. आधी सशांचे डोळे, मग स्वतःचे आणि शेवटी रुग्णांचे, असा त्याच्या प्रयोगांचा क्रम होता. पुढच्याच वर्षी कील विद्यापीठात आउगुस्ट म्युलरने आपल्या प्रबंधात स्वतःवरचे प्रयोग मांडले. त्याचा नंबर उणे चौदा. लेन्समुळे दिसायचं छान, पण कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर केला तरी अर्ध्या तासापलीकडे ती काच सहन होईना.

पुढची कित्येक दशकं ही टोचणी कमी करण्यातच गेली. 1948 साली कॅलिफोर्नियात केविन टूहीने फक्त बुबुळावर बसेल एवढी छोटी प्लास्टिकची लेन्स केली. वजनाला हलकी, पण तिच्यातून प्राणवायू जात नसे आणि डोळ्याला सवय होईपर्यंत रोज थोडा थोडा वेळ वाढवत न्यावा लागे. हा त्रास काढायला तसंच कारण लागायचं. केरॅटोकोनस या विकारात बुबुळ शंकूसारखं पुढे येतं आणि चष्म्याने भागत नाही. असे रुग्ण नेटाने लेन्स लावत राहिले, कारण त्यांना दुसरा सोपा मार्ग नव्हता.

चष्मा नुसताच आवडत नाही अशा माणसाचा प्रश्न सोडवला प्रागच्या ओट्टो विख्टर्ले या रसायनशास्त्रज्ञाने. सरकारने संशोधन थांबवल्यावर 1961च्या नाताळात त्याने घरीच मुलांच्या ‘मेर्कूर’ खेळण्यातले पत्र्याचे तुकडे आणि सायकलचा डायनॅमो जोडून यंत्र उभं केलं आणि पाणी शोषणाऱ्या मऊ पदार्थाच्या लेन्स पाडल्या. 1962च्या पहिल्या चार महिन्यांत त्याने आणि त्याच्या बायकोने मिळून साडेपाच हजार लेन्स तयार केल्या! 1971 साली अमेरिकेत मऊ लेन्सला परवानगी मिळाली. टोचणं गेलं, मागे राहिली रोजची उकळण्याची आणि धुण्याची कटकट. 1990च्या दशकात वापरून फेकायच्या एक दिवसाच्या लेन्स आल्या आणि तीही सुटली.

मग आताही काही लोक लेन्स का सोडतात?

हौस कमी असते म्हणून, असं म्हणता येत नाही. अमेरिकेत 8 ते 11 वर्षांच्या 484 मुलांपैकी काहींना चष्मा आणि काहींना मऊ लेन्स देऊन तीन वर्षं पाहिलं गेलं. 2009 साली निष्कर्ष आले. एकूण आत्मसन्मानात फरक नव्हता; पण आपण कसे दिसतो, खेळात कसे आहोत, मित्रांत किती सामावतो, याबद्दल लेन्सवाल्या मुलांना जास्त बरं वाटत होतं. ओढ खरी आहे. मात्र ती माणसाला डॉक्टरांपर्यंत आणते; त्यापुढची लढाई घरच्या आरशासमोर असते. हात धुवून कोरडे करायचे, मधल्या बोटाने खालची पापणी ओढायची, तर्जनीच्या टोकावरची लेन्स अलगद टेकवायची. काढताना वर बघत ती खाली पांढऱ्या भागावर सरकवून चिमटीत धरायची. घाईच्या सकाळी ती तीनदा बोटालाच चिकटून परत आली की चष्मा जवळचा वाटतो.

ब्रिटनमध्ये नव्याने लेन्स लावणाऱ्यांचा वर्षभर मागोवा घेणारे अभ्यास 2017 आणि 2018 साली प्रसिद्ध झाले. सुमारे तीन-चतुर्थांश लोक टिकले. सोडलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी पहिल्या दोन महिन्यांतच लेन्स बाजूला ठेवल्या. साध्या नंबरवाल्यांना लेन्स घालणं-काढणं आणि टोचणं नडलं. सिलिंडर नंबर असलेल्यांची आणि चाळिशीनंतर मल्टिफोकल घेतलेल्यांची तक्रार वेगळी होती: नीट दिसत नाही. ही दिसण्याची तक्रार लक्षात ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण ‘टोचतं का’ हे प्रत्येक जण विचारतो. पण रस्त्यावरच्या पाट्या आणि मोबाइलवरची अक्षरं स्पष्ट दिसतात का, हेही डॉक्टरांनी पहिल्या आठवड्यातच फोन करून विचारायला हवं. नंबर किंचित बदलणं, सिलिंडर नंबरसाठीची टोरिक लेन्स देणं, दुसऱ्या कंपनीची लेन्स लावून पाहणं, असे उपाय हाताशी असतात. 2017च्या अभ्यासात मात्र सोडून गेलेल्या दहांपैकी सातांच्या बाबतीत यातलं काहीही करून पाहिलेलं नव्हतं.