काटा अडला की आधी डॅशबोर्ड उघडा

पावसाळाभर ताडपत्रीखाली ओढून ठेवलेली स्पीडबोट पुन्हा पाण्यात उतरवली की ज्या दोन-चार गोष्टी कुरकुरतात, त्यांत इंधनाचा काटा बहुतेक वेळा असतोच. टाकी काठोकाठ भरली तरी तो तळाला चिकटून राहतो, किंवा बरा चालताचालता अर्ध्यावर उडी मारतो. अशा वेळी मीटर गेला असं गृहीत धरून नवा आणला जातो, तो बसवूनही काटा हलत नाही, मग सेंडर बदलला जातो. खरं तर मीटर सहसा जात नाही. दोष बऱ्याचदा वायरच्या गंजलेल्या टोकात असतो, आणि तो शोधायला एक साधा मल्टिमीटर, हातभर वायर आणि थोडा धीर पुरतो. मात्र तपासणीचा क्रम चुकवायचा नाही. रस्त्यावर पेट्रोल संपलं तर गाडी कडेला घेता येते. पाण्यात इंजिन थांबलं की बोट लाटेला आडवी होते आणि वारा नेईल तिकडे जाते. म्हणून हा काटा माझ्या लेखी शोभेची वस्तू नाही.

आधी तो चालतो कसा ते पाहू. टाकीच्या वरच्या भोकातून एक पट्टी आत उतरलेली असते. तिला हलता दांडा आणि दांड्याच्या टोकाला फ्लोट. पेट्रोल उतरलं की फ्लोट उतरतो, आणि दांड्याचं दुसरं टोक बारीक तारेच्या वेटोळ्यावरून सरकतं. ते जिथे टेकतं त्यावर विजेच्या वाटेतला रोध ठरतो. या सगळ्या जोडणीला सेंडर म्हणतात. त्याची एक वायर डॅशबोर्डवरच्या मीटरकडे जाते, दुसरी अर्थिंगला म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला. मीटरच्या आतल्या कॉइल काट्याला वेगवेगळ्या दिशांना ओढतात, आणि सेंडरच्या रोधाप्रमाणे हा तोल बदलतो. बॅटरी थोडी उतरली तरी ओढ सगळीकडून सारखीच कमी होते, त्यामुळे काटा फारसा ढळत नाही. थोडक्यात, मीटरला पेट्रोल कळतच नाही, त्याला फक्त ओहम कळतात. वाटेत कुठेही जास्तीचे ओहम शिरले तर तेही तो पेट्रोलच्या हिशेबात धरतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं निदान तिच्यावर उभं आहे. बोटींच्या काट्यांच्या दोन पद्धती जास्त दिसतात. अमेरिकन पद्धतीत रिकाम्या टाकीला साधारण 240 ओहम आणि भरलेल्या टाकीला 33 ओहम. युरोपियन पद्धतीत रिकामीला साधारण 10 आणि भरलेलीला 180. म्हणजे दोन्ही एकमेकींच्या उलट. हात बदलत आलेल्या बोटीत कुणीतरी मधेच एका पद्धतीचा सेंडर आणि दुसरीचा मीटर बसवलेला असतो. मग पेट्रोल भरत जावं तसा काटा खाली येतो. अशा वेळी बिघाड शोधण्यात अर्थ नाही, जोडी जुळवावी लागते.

गंजाचं वागणंही या दोन पद्धतींत उलट होतं. समजा, खारट दमटपणाने एका जोडावर 30 ओहमचा जादा रोध तयार झाला. अमेरिकन पद्धतीत भरलेली टाकी 33 ऐवजी 63 ओहम दाखवेल, म्हणजे काटा पाऊणच्या आसपास थांबेल. आहे त्यापेक्षा कमी दिसलं; गैरसोय झाली, पण धोका नाही. युरोपियन पद्धतीत मात्र कोरडी टाकी 10 ऐवजी 40 ओहम दाखवेल आणि काटा पावाच्या जवळ उभा राहील. टाकीत काही नाही आणि काटा पाव टाकी सांगतोय! तुमच्या बोटीत कुठली पद्धत आहे हे मीटरच्या मागे किंवा सेंडरवर छापलेलं असतं. ते आजच बघून ठेवा.

आता तपासणी. सुरुवात डॅशबोर्डपासून करायची, कारण तिथे पेट्रोलची वाफ नसते आणि हात सहज पोचतो. मीटरच्या मागे तीन टर्मिनल दिसतील, बहुधा इंग्रजी आय, जी आणि एस या अक्षरांची: इग्निशन, अर्थिंग आणि सेंडर. अमेरिकन बांधणीच्या बोटींत यांच्या वायरी अनुक्रमे जांभळी, काळी आणि गुलाबी असतात. चावी चालू करून आय आणि जी यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. 12 व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा. नाही आला तर काट्याचा काही दोष नाही. फ्यूज, चावीची वायर किंवा मीटरची अर्थिंग बघा.

व्होल्टेज ठीक असेल तर चावी बंद करून एसवरची वायर काढा आणि चावी पुन्हा चालू करा. अमेरिकन पद्धतीचा काटा रिकाम्यावर पडला पाहिजे. मग वायरच्या तुकड्याने एस आणि जी क्षणभर जोडा. काटा भरलेल्याच्या पलीकडे गेला पाहिजे. युरोपियन काटा बरोबर उलट वागेल. दोन्ही टोकं मिळाली तर मीटर धडधाकट आहे, पैसे वाचले. मधली जागा तपासायची असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही रुपयांत मिळणारा 100 ओहम, 1 वॉटचा रेझिस्टर एस आणि जी यांच्यामध्ये धरा. दोन्ही पद्धतींत काटा अर्ध्याच्या आसपास थांबला पाहिजे. ही शॉर्ट करायची चाचणी टाकीपाशी कधीही करू नका, आणि सेंडरच्या टर्मिनलला बॅटरीचे 12 व्होल्ट थेट लावू नका. सेंडर जळेल, आणि ठिणगी पडली तर गोष्ट तिथे थांबणार नाही.

मीटर सुटला की टाकीकडे जायचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती फळीखाली, बोटीच्या तळाला साचते. म्हणून फळी उघडा, ब्लोअर चालवा, वाऱ्याला वेळ द्या, आणि वास येत असेल तर आधी गळती शोधा. वास पूर्ण गेल्यावर ब्लोअर थांबवा, बॅटरीची वायर सोडवा, मगच सेंडरच्या वायरी काढा. त्यांची टोकं डोळ्यांजवळ घेऊन बघा. तांब्यावर हिरवट पूड, प्लास्टिकच्या आवरणाखाली काळी पडलेली तार, नुसत्या नखाने हलणारा स्क्रू: अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. पहिला संशय अर्थिंगच्या वायरीवर घ्या. ॲल्युमिनियमच्या टाकीत सेंडरखालचं रबरी गॅस्केट विजेला अडवतं, आणि प्लास्टिकच्या टाकीला तर ती वायर सोडून दुसरा आधारच नाही. मल्टिमीटर ओहमवर ठेवून या वायरीचं मोकळं टोक आणि बॅटरीची सोडवलेली निगेटिव्ह केबल यांच्यात मोजा. एक ओहमच्या आतच आकडा हवा. गुलाबी वायरही दोन्ही टोकांनी सोडवून अशीच मोजा. खराब टोक पॉलिश करत बसू नका, कापून नवं लावा. वायर कथिलाचा मुलामा दिलेली घ्या. साधं तांबं खाऱ्या हवेत आतून काळं पडत जातं.

वायरी चांगल्या निघाल्या तर उरतो सेंडर. त्याच्या दोन टर्मिनलांमध्ये ओहम मोजा आणि टाकीतल्या अंदाजाशी ताडून पाहा. आकडाच येत नसेल तर आतली तार तुटली आहे. शंका असेल तर सेंडर बाहेर काढा, भोक लगेच झाका आणि मोजणी टाकीपासून दूर, उघड्यावर करा. दांडा अगदी सावकाश खालून वर न्या. ओहम सलग बदलले पाहिजेत. अधेमधे आकडा गायब झाला तर तिथली तार झिजली आहे, आणि काट्याची उडी तिथूनच येते. हे पाहायला जुना काट्याचा मल्टिमीटर डिजिटलपेक्षा चांगला, कारण आकडे स्थिर होण्याच्या आत निसटलेला झटका त्याच्यात दिसतो. फ्लोट हलवून बघा. आत पेट्रोल खुळखुळलं किंवा तो फुगून जड झाला असेल तर तो बुडतो आणि काटा कायम रिकाम्यावर राहतो. काही सेंडरांत दांडा नसतो, उभ्या नळीवर चुंबक बसवलेला फ्लोट सरकतो. त्यांचे ओहम पायऱ्यापायऱ्यांनी बदलतात. तो दोष समजू नका.

नवा सेंडर घेताना पद्धत जुळवा आणि टाकीची खोली मोजून न्या. दांडा ज्यावर फिरतो तो खिळा टाकीच्या निम्म्या खोलीवर आला नाही तर फ्लोट एका टोकाला टेकण्याआधीच अडकतो.

एवढं करूनही अर्धा काटा म्हणजे अर्धी टाकी असं मानू नका. स्पीडबोटीचा तळ व्ही आकाराचा असतो आणि पुष्कळ टाक्याही त्याच घाटाच्या, खाली निमुळत्या. वरचा अर्धा भाग सावकाश उतरतो, खालचा भराभर. शिवाय वेगात नाळ वर उठली की पेट्रोल मागे धावतं, म्हणून वाचन बोट थांबून सरळ उभी असतानाच घ्यावं. चांगला उपाय म्हणजे टाकी जवळपास रिकामी असताना मापाच्या कॅनने वीस-वीस लिटर ओतत जायचं, दर वेळी काटा कुठे थांबला ते लिहायचं आणि तो तक्ता प्लास्टिकमध्ये घालून सुकाणूशेजारी चिकटवायचा. मांडव्याहून गेटवेला निघताना तांडेलने काट्याऐवजी लिटर वाचावेत आणि त्यांचे तीन वाटे करावेत: एक जायला, एक यायला, एक हात न लावता ठेवायला.