आधी सुनावणी, मग कात्री

कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी अमेरिकेत १९६५ पासून मेडिकेड ही सरकारी आरोग्य योजना आहे. ‘तुमचं मेडिकेड बंद होत आहे’ असं पत्र येतं, तेव्हा घाबरलेला माणूस ‘बंद’ हा शब्द वाचतो. वाचायची असते ती तारीख.

बंद करण्याआधी, थोडे अपवाद सोडले तर, सरकारला निदान १० दिवस कळवावं लागतं. बंद होण्याच्या तारखेआधी तुम्ही सुनावणी मागितलीत, तर निकालापर्यंत सगळं जैसे थे! डायलिसिस चालू, इन्शुलिन चालू. (योजना चालू ठेवा, हेही अर्जात स्पष्ट लिहिलेलं बरं.) तारीख उलटली तरी दाद मागता येते, पण मधल्या काळातल्या संरक्षणाची हमी उरत नाही. एका टपाली शिक्क्याने एवढा फरक पडावा!

हे आलं कुठून? न्यूयॉर्क शहरात गरिबांची रोख मदत आधी थांबायची, रीतसर सुनावणी नंतर. त्यावरचा गोल्डबर्ग विरुद्ध केली हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २३ मार्च १९७० रोजी पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला. न्यायमूर्ती ब्रेनन यांचा मुद्दा बिनतोड होता: ज्याच्या घरात उद्याचं पीठ नाही, तो आज पोट भरायच्या मागे लागेल की सरकारशी भांडेल? म्हणून आधी ऐका, मग कापा. सरकारी मदत म्हणजे दानधर्म नव्हे, ती मालमत्तेसारखी मानावी, हा चार्ल्स राइक या प्राध्यापकाचा १९६४ मधला विचार. तो निकालाच्या एका तळटीपेत जाऊन बसला. खटला रोख मदतीचा, पण मेडिकेडच्या नियमावलीत आजही त्याचं नाव घेऊन म्हटलंय की सुनावणी त्याच कसोटीला उतरली पाहिजे. रुक्ष नियमावलीत असा जिवंत खटला सापडला की मला अजून नवल वाटतं.

मात्र निकालापर्यंत योजना चालू राहण्याची ही सवलत फुकटची नाही. अपील हरलात, तर मधल्या उपचारांचा खर्च राज्य वसूल करू शकतं.

कोविड साथीच्या काळात कुणाचं मेडिकेड सहसा बंद केलं जात नव्हतं; २०२३ मध्ये ते संरक्षण संपलं आणि पुढच्या फेरतपासणीत अडीच कोटींहून अधिक लोकांचं मेडिकेड गेलं. त्यातल्या बहुतेकांचं उत्पन्न वाढलेलं आढळलं नव्हतं. फॉर्म पोचला नव्हता, पत्ता बदलला होता, एखादा कागद राहिला होता. अशा पुष्कळांना अपिलाचीही गरज नसते: राहिलेला कागद ९० दिवसांत दिला, की नव्याने अर्ज न करता प्रकरण पुन्हा उघडतं.