सन्मानाची पेटी

सणसवाडीच्या शेजारी, भीमाकाठच्या कोरेगावात 1 जानेवारी 1818 रोजी जी लढाई झाली, तिच्याबद्दल ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी कॅप्टन स्टाँटनला तलवार आणि 500 गिनी बहाल केल्या. मालक आपल्या चाकराची कदर करी ती अशी, शस्त्राने आणि रोकडीने. पेटीचा मान मात्र निराळ्या हातून येई. लंडनची नगरसभा एखाद्या आरमारी सेनानीस आपले नागरिकत्व देई, तेव्हा ती सनद पेटीत घालून समारंभपूर्वक अर्पण होई. 1797 साली सेंट व्हिन्सेंटच्या विजयाबद्दल नेल्सनला मिळालेली सुवर्णपेटी 100 गिनींची होती. पुढच्याच वर्षी नाईलच्या मुखाशी त्याने फ्रेंच आरमार बुडविले आणि हिंदुस्थानचे भय टळले, म्हणून कंपनीने त्याला दिले ते 10,000 पौंड. व्यापाऱ्याचा हिशेब तो!

परंतु माझ्या मते या सर्व पेट्यांत खरी बोलकी पेटी अ‍ॅडमिरल केपेलची. 1778 च्या जुलैत उशांतजवळ फ्रेंचांशी झालेली झुंज अनिर्णित राहिली, आणि त्याचाच दुय्यम असलेल्या, शिवाय आरमारी खात्याच्या मंडळावर बसणाऱ्या पॅलिसरने त्याच्यावर कसुरीचा आरोप ठेवला. पोर्टस्मथच्या लष्करी न्यायालयाने 1779 च्या फेब्रुवारीत केपेलला सन्मानपूर्वक निर्दोष ठरविले, तेव्हा लंडनच्या रस्त्यांवर रोषणाई झाली आणि पॅलिसरच्या घराची तावदाने फुटली. नगरसभेने मग जी पेटी करविली तिचे अंग ओकच्या गाभ्याचे होते, सोने केवळ मढविण्यापुरते. इंग्लंडची गलबते ज्या लाकडाची बांधली जात तेच लाकूड निवडून शहराने सरकारच्या वजिरांना काय सुनावले, हे कोणी उलगडून सांगण्याची गरज नव्हती.

आपल्याकडे दरबारी पत्रे किनखापाच्या थैलीतून जात आणि मान वस्त्रांनी होई. पेटीचा रिवाज पुढे नगरपालिकांबरोबर आला, आणि मानपत्रे चांदीच्या करंडकातून दिली जाऊ लागली. ज्या कोकणकिनाऱ्यावर कान्होजी आंग्र्यांची सरखेली गाजली, तेथील सुवर्णदुर्ग 1755 साली पेशव्यांच्या संगनमताने घेणाऱ्या कमोडोर विल्यम जेम्सलाही कंपनीने सोन्याच्या मुठीची तलवारच दिली. त्याच्या विधवेने मात्र 1784 साली लंडनजवळच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ एक मनोरा उभारला आणि त्याला सुवर्णदुर्गाचे, इंग्रजी जिभेने मोडलेले, ‘सेव्हर्नद्रूग’ हे नाव दिले.