कॅमेऱ्याला टिकली, वाघाचं लोकेशन

यवतमाळात सकाळी तर्री-पोह्याच्या गाडीपाशी उभं राहा. कुणीतरी हमखास मोबाइलवरची बातमी मोठ्यानं वाचत असतं. टीव्ही आपलं बोलणं ऐकतो म्हणे, बाहुली हेरगिरी करते म्हणे, वाघाच्या गळ्यात जीपीएस आहे म्हणे! पहिलं उत्तर ठरलेलं, “काय सांगतं बाप्पा!” दुसरं उत्तर त्याहून झकास असतं, कारण तोवर कुणीतरी त्या बातमीला आपल्या वावराशी, रेशनशी नाहीतर लग्नाच्या स्थळाशी जोडून टाकलेलं असतं. सगळे हसतात आणि हसता हसता सावधही होतात. ही रीत मला मनापासून आवडते. म्हणून यंत्रं आणि खासगीपणा यांच्या काही खऱ्याखुऱ्या गोष्टी इथं वाढतो आहे, गरमागरम. सुरुवात घरच्या जिल्ह्यापासून.

मोठ्यांना किती दंड?

पुसद तालुक्यातलं बान्सी गाव नोव्हेंबर 2022मध्ये देशभर गाजलं. गावानं ठराव केला की 18 वर्षांखालच्या मुलांनी मोबाइल वापरायचा नाही, वापरताना सापडलं तर 200 रुपये दंड. कोरोनाच्या दिवसांत अभ्यासासाठी हातात आलेला फोन शाळा उघडल्यावरही हातातून सुटेना, म्हणून गावानं हे पाऊल उचललं.

आमच्या घरी ही बातमी वाचली तेव्हा भाची ताडकन म्हणाली, “आणि मोठ्यांना किती दंड?” तिचे बाबा, मामा आणि आजोबा, तिघांच्याही हातात त्या क्षणी फोन होता! हसून हसून पुरेवाट झाली, पण प्रश्न बिनतोड होता.

त्याचं उत्तर सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं त्याच वर्षी दिलं होतं. कडेगाव तालुक्यातलं हे गाव. तिथं रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचं ठरलं. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. नियम लहानांना आणि मोठ्यांना सारखाच. भाचीच्या मते खरा न्याय तो हाच, आणि माझंही मत तेच.

नवरदेव निघाला पायी

आपल्या जिल्ह्यातला सर्वांत गाजलेला ‘लोकेशन ऑन’वाला कोण? टिपेश्वर अभयारण्यातला वाघ! फेब्रुवारी 2019मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली. जूनमध्ये गडी निघाला. विदर्भ-मराठवाडा पालथा घातला, मध्येच तेलंगणात डोकावला, शेतं, नाले, रस्ते ओलांडले आणि शेवटी बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात मुक्काम ठोकला. नऊएक महिन्यांत सुमारे 3000 किलोमीटरची पायपीट! उपग्रह तासातासाला त्याचा ठावठिकाणा टिपत होता. अशा 5000हून जास्त नोंदी जमल्या. ‘वॉकर’ हे नाव त्याला शोभून दिसलं.

हद्द, शिकार किंवा जोडीदारीण यांपैकी कशाच्या तरी शोधात तो निघाला असावा, असं जाणकारांनी म्हटलं. आमच्याकडे लोकांनी तिसरं कारण लगेच पक्कं केलं : “पोरगी पाहाले निघाला! एवढं तर माह्या भाच्यासाठीबी आम्ही फिरलो नाही.”

त्या नोंदींमधून एक मोठी गोष्ट हाती लागली. वाघ दिवसा दडून राहायचा, रात्री चालायचा आणि माणसांच्या वस्तीजवळूनही बहुतेक वेळा गुपचूप निघून जायचा. जंगलांना जोडणारे रस्ते का जपायचे, हे त्यानं स्वतः चालून दाखवलं. एप्रिल 2020मध्ये त्याचा पट्टा काढला गेला आणि त्याचं लोकेशन बंद झालं. आपल्या फोनचं मात्र वर्षानुवर्षं चालूच असतं. 2017च्या अखेरीस स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपनं जगभरातल्या धावणाऱ्यांचा नकाशा दाखवला, तर त्यात निर्जन वाळवंटातले सैनिकी तळ उजळून दिसू लागले. जवान रोज सकाळी तळाभोवती धावत होते आणि मनगटावरचं घड्याळ रेघ ओढत होतं!

अंगठाबहाद्दर जिंदाबाद

पूर्वी ‘अंगठाबहाद्दर’ म्हटलं की माणूस खाली मान घालायचा. आज बँक, रेशन, सिमकार्ड, सगळीकडे शिकलेल्यांनाही अंगठाच लावावा लागतो. ही पद्धत घडली ती आपल्याच देशात. 1858मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर पंज्याचा ठसा घेतला. ठसे वर्गवार लावायची पद्धत बसवताना अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलिसांनी डोकं लढवलं आणि 1897मध्ये कोलकात्यात ठशांचं कार्यालय उभं राहिलं. पहिला आधार क्रमांक तर महाराष्ट्रातच दिला गेला, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, 29 सप्टेंबर 2010 रोजी.

आता कापसाच्या हंगामात रेशन दुकानात या. वेचणी करून आलेली बाई मशीनवर अंगठा ठेवते. मशीन नाही म्हणतं. ती पदराला बोट पुसते, पुन्हा ठेवते. पुन्हा नाही. बोंडाच्या वाळल्या टोकांनी बोटं खरवडलेली असतात, वर्षानुवर्षांच्या निंदणानं रेषा पुसट झालेल्या असतात. अशीच एक काकू रांगेत म्हणाली, “माहे हात कामाचे हायेत म्हून त्याले ओळखू येत नाहीत काय?” सगळी रांग हसली, आणि मला ते वाक्य अजून विसरता येत नाही. ज्या हातांनी जिल्ह्याचा कापूस घरी येतो, त्या हातांना यंत्रानं ओळखलंच पाहिजे. आधारमध्ये दहाही बोटं आणि दोन्ही डोळ्यांची बुबुळं नोंदलेली असतात. एक अंगठा अडला तर दुसरं बोट लावून बघू द्या म्हणायचं. सोय आहे, हक्कानं मागायची.

उजेड पाडायला पत्ता कशाला?

रात्री जागलीला जाणाऱ्या माणसाला बॅटरीचं मोल विचारा. रानडुकरांपासून तूर-हरभरा वाचवायचा तर उजेड हवाच. पण 2013मध्ये अमेरिकेत एका बॅटरीनं भलताच उजेड पाडला. ‘ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट’ नावाचं ॲप कोट्यवधी लोकांनी फोनमध्ये घेतलं होतं. तिथल्या व्यापार आयोगाला आढळलं की ते वापरणाऱ्याचा ठावठिकाणा जाहिरातवाल्यांना पुरवत होतं, आणि तेही अनेकदा माणसानं होकाराचं बटण दाबण्याआधीच!

हा किस्सा मी एका शेतकरी मित्राला सांगितला. तो म्हणाला, “दुकानातून बॅटरी घेताना दुकानदारानं पाहुण्यारावळ्यांचे फोन नंबर मागितले तर मी बॅटरी तिथंच ठेवून येईन.” इतका सोपा नियम कुठल्याही जाडजूड पुस्तकात मला सापडला नव्हता. ॲपनं काही मागितलं की डोळ्यांसमोर दुकानदार आणायचा. जे त्याला दिलं नसतं, ते ॲपलाही द्यायचं नाही.

भिंतीला कान, बाहुलीलाही कान

‘भिंतीला कान असतात’ ही म्हण आपल्या पणजीच्याही आधीची. आता पुरावेच आलेत.

• 2017 : अमेरिकेत व्हिझिओ कंपनीचे 1 कोटी 10 लाख टीव्ही कोण काय बघतं याची क्षणाक्षणाची नोंद पाठवत होते. प्रकरण मिटवायला कंपनीला 22 लाख डॉलर भरावे लागले.

• 2017 : जर्मनीनं ‘केला’ नावाच्या बोलक्या बाहुलीवर बंदी घातली. लपवलेलं हेरगिरीचं यंत्र ठरवून पालकांना ती नष्ट करायला सांगितली.

• 2018 : पोर्टलंड शहरात नवरा-बायको घराच्या लाकडी फरशीबद्दल बोलत होते. ॲमेझॉनच्या इको स्पीकरनं ते बोलणं टिपलं आणि नवऱ्याच्या हाताखालच्या माणसाला पाठवून दिलं!

शेवटची बातमी ऐकून आमच्या शेजारच्या आजी म्हणाल्या, “ऐकते म्हणता, तर मंग तिले भांडेबी घासाले सांगा!” आणि त्याच दमात सुनेला म्हणाल्या, “पण माह्या खोलीत नको ठेवू हो.” नव्वदीला टेकलेल्या बाईनं खासगीपणाचा अख्खा धडा एका वाक्यात शिकवला : यंत्र आणा, पण कुठल्या खोलीत ते घरातल्या माणसांना विचारून.

मँचेस्टरचं इंजिन, मँचेस्टरचं वायफाय

यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे आठवते? तिचं वाफेचं इंजिन 1921मध्ये मँचेस्टरला बनलं, 1923मध्ये रुळावर आलं आणि 1994पर्यंत धावलं. सत्तर वर्षं! आजचा फोन तीन वर्षांत धापा टाकू लागतो, तेव्हा जुनी माणसं शकुंतलेचं नाव काढतात, आणि बरोबरच काढतात.

त्याच मँचेस्टरच्या पर्पल या वायफाय कंपनीनं 2017मध्ये गंमत केली. फुकट वायफायच्या अटींमध्ये 1000 तासांची समाजसेवा घुसडली : जत्रांमधली फिरती शौचालयं धुवायची, भटक्या कुत्र्यामांजरांना कवटाळायचं, गोगलगायींचे शंख रंगवायचे! दोन आठवड्यांत 22000 लोकांनी ‘मान्य’ म्हटलं. कलम लक्षात आलं ते फक्त एकाला. कंपनीनं कुणाला कामाला लावलं नाही. लोक वाचत नाहीत एवढंच तिला दाखवायचं होतं. आपल्याकडे सोयरीक जुळवताना चार पिढ्यांची चौकशी होते. तेवढी नाही, पण चार ओळींची तरी चौकशी फोनच्या वाट्याला यावी.

एवढ्या घुगऱ्या गेल्या कुठं?

आर्णी तालुक्यातलं शेंदुरसनी, वस्ती दीड हजाराच्या आसपास. 2025मध्ये उघड झालं की या ग्रामपंचायतीच्या नावावर ऑनलाइन यंत्रणेत अवघ्या तीन महिन्यांत 27 हजारांहून जास्त जन्मनोंदी झाल्यात. हिशेब केला तर रोज 300 बारशी! “मंग घुगऱ्या कोण खाल्ल्या?” हा प्रश्न ऐकून हसू आवरेना. पण मामला गंभीर होता. गावाच्या लॉगिनचा कुणीतरी गैरवापर केला होता. गुन्हा नोंदला गेला, तपास सुरू झाला. पासवर्ड म्हणजे कपाटाची किल्ली. जुन्या बायका ती कमरेला खोचून फिरायच्या, झोपतानासुद्धा काढायच्या नाहीत. ग्रामपंचायत असो की आपलं बँक खातं, तेवढीच निगराणी हवी.

नऊ न्यायाधीश, एक सूर

आपला खासगीपणा कागदावरही पक्का आहे. के. एस. पुट्टस्वामी हे निवृत्त न्यायमूर्ती वयाची 80 वर्षं ओलांडल्यावर सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. डिसेंबर 2025च्या सुरुवातीला प्रत्येक नव्या फोनमध्ये सरकारी ‘संचार साथी’ ॲप आधीच घालून देण्याचा आदेश बाहेर आला. देशभर गलका झाला आणि काही दिवसांतच सक्ती मागे घेतली गेली. ॲप कामाचं आहे, हरवलेला फोन त्यातून बंद करता येतो. पण घेतलं तर आपल्या मर्जीनं, एवढंच लोकांचं म्हणणं होतं आणि ते ऐकलं गेलं.

गाठीला बांधा

• ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे फोनवरूनच अटक, अशी गोष्ट कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर पोलीस दिसला की फोन ठेवा.

• ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर त्याच क्षणी 1930 ही हेल्पलाइन फिरवा. जितकी घाई, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

• आधारची प्रत द्यायची तर शेवटचे चार आकडेच दिसणारी ‘मास्क्ड’ प्रत काढा.

आणि टिकली

2016मध्ये मार्क झुकरबर्गचा एक फोटो जगभर फिरला. मागे टेबलावर त्याचा लॅपटॉप होता आणि लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी! फेसबुकचा मालकच कॅमेरा झाकतो, हे मी आईला सांगितलं. ती काही बोलली नाही. उठून आरशापाशी गेली. आरशाच्या काठावर तिच्या मरून टिकल्यांची रांग असते. त्यातली एक नखानं अलगद सोडवली आणि माझ्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर बोटानं दाबून बसवली. मग म्हणाली, “आपला जुना टीव्ही आठवतो? त्याले शटर होतं. बातम्या झाल्या की बाबा शटर ओढायचे.”

आठवतो तर! लाकडी खोक्यातला तो टीव्ही, आणि शटर ओढताना होणारा तो खरखर आवाज. शटर बंद झालं की घर पुन्हा घरच्यांचं व्हायचं. आताच्या बहुतेक यंत्रांना शटर येत नाही, ते आपल्यालाच लावावं लागतं. माझ्या लॅपटॉपला आईनं लावलंय. टिकली अजून जागेवर आहे.