घमेल्याऐवजी खराटा

रत्नागिरीहून पावसकडे निघालं आणि काजळी नदीच्या मुखावरचा पूल ओलांडला की भाट्ये लागतं. सुरूचं बन, नारळ संशोधन केंद्राचे माड, दीडेक किलोमीटर सरळसोट पुळण आणि तिच्या टोकाला झरीविनायक. बहुतेक पर्यटकांची गाडी इथूनच मागं वळते. पुढची चढण चढून गेलं तर मात्र सगळंच बदलतं. माड संपतात, सावली संपते आणि समोर काळपट-तांबड्या जांभ्याचा उघडा माळ पसरतो. कोकणात याला सडा म्हणतात. रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतल्या अशाच सड्यांवर गेल्या दहा-बारा वर्षांत कातळशिल्पांचं एक दालन उघडलं आहे. दरवर्षी भातकापणी उरकली की तिथं पुरातत्त्वाचा हंगाम सुरू होतो. हंगाम मोठा अजब, कारण त्यात कोणी फारसं खणतच नाही.

उत्खनन म्हटलं की डोळ्यांपुढं येणारं चित्र घाटावरचं असतं. शिरूर तालुक्यातलं इनामगाव घ्या. घोड नदीकाठच्या तिथल्या पांढरीच्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम काम केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. चौकोनी चर आखायचा, बोटबोट माती उतरवायची, घमेल्यांनी ती वर काढून चाळायची, खापरं धुऊन उन्हात वाळत घालायची, मग एकेकावर क्रमांक टाकायचा. या कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामातून शंभराहून जास्त घरं उजेडात आली. घरातल्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून ठेवलेले दोन रांजण आणि त्यांत पुरलेली लहान मुलं सापडली. मोठ्या माणसांना पुरताना त्यांची पावलं घोट्यापासून तोडलेली दिसली. एका पाच खोल्यांच्या घरात तर चार पायांच्या भल्यामोठ्या कच्च्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला माणूस निघाला.

हे सगळं कधीचं, ते सांगितलं मातीनंच. खालचा थर जुना, वरचा नवा. तळाशी इसवी सनापूर्वी १६००च्या सुमाराची माळवा संस्कृतीची वस्ती, तिच्यावर जोर्वे संस्कृतीचा पूर्वकाळ, सर्वांत वर उत्तरकाळ, साधारण इसवी सनापूर्वी ७०० पर्यंतचा. चुलीतला कोळसा आणि जळके दाणे कार्बन-१४ च्या कसोटीला लावले की थरांना वर्षं चिकटवता येतात.

सड्यावर यातलं काहीच नाही. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस सड्याला दरवर्षी धुऊन काढतो. माती उरते ती खळग्यांत, पुरचुंडीएवढी. पाच हजार वर्षांपूर्वी कोणी सड्यावर चूल मांडली असेल, तर तिची राख त्याच वर्षीच्या आषाढात समुद्राला मिळाली. कातळावर कोरलेली रेघ तेवढी राहिली. तिच्यावर थर नाही, तिच्याखाली थर नाही.

म्हणून इथल्या हंगामाचं मुख्य हत्यार म्हणजे खराटा. माडाच्या हिरांचा, भाट्यातल्या कुठल्याही अंगणात असतो तोच. पावसाळ्यात सड्यावर पाण्याची डबकी साचतात, सीतेची आसवं फुलतात, मग गवत गुडघाभर वाढतं. ते वाळून कापलं जाईपर्यंत शिल्प शोधणं म्हणजे पायांनी चाचपडणं. गवत गेलं की कामाला दिवाळीपासून मे महिन्यापर्यंतची मुदत मिळते. त्यातही एप्रिलनंतर अकराच्या पुढं कातळावर चप्पल काढून उभं राहून दाखवावं!

उन्हाचा प्रश्न नुसता घामाचा नाही. बहुतेक शिल्पं म्हणजे दोन-चार सेंटिमीटर खोल खोदलेल्या रेघा. दुपारी ऊन डोक्यावर असताना त्या दिसेनाशा होतात. सकाळी सूर्य वर यायच्या आत आणि संध्याकाळी तो समुद्राकडे कलल्यावर तिरपी किरणं खाचेच्या एका कडेला उजेड देतात, दुसरीला सावली, आणि तासाभरापूर्वी ज्या कातळावरून आपण बेफिकीर चालत गेलो त्यावर शेपूट, पाय, पाठीचा कणा उमटायला लागतो. सफाई, मोजमाप, दोऱ्यांनी चौकटी आखणं मधल्या वेळात, फोटो दिवसाच्या दोन टोकांना. आता ड्रोन आले आहेत, एकमेकांवर चढणाऱ्या शेकडो फोटोंमधून संगणकावर त्रिमित नकाशा उभा करता येतो. पण ड्रोन उडवायच्या आधी खराटा मारावाच लागतो. खाचेत चुना किंवा रांगोळी भरून झकास फोटो काढायचा मोह अनेकांना होतो. दिसायला छान दिसतं, पण खाचेच्या तळाशी तपासण्याजोगं काही उरलं असेल तर ते त्या पांढऱ्या भुकटीनं नासतं.

राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या हत्तीवर हे काम पाहिलं की आकाराचा अंदाज येतो. साधारण १८ मीटर लांब, १३ मीटर रुंद. दक्षिण आशियातलं हे सर्वांत मोठं कातळशिल्प म्हणून नोंदलं गेलं आहे. जमिनीवर उभं राहून तो हत्ती आहे हे कळत नाही. एक रेघ धरून झाडत जावं, ती वळते, पुन्हा वळते, आणि मध्येच आत वेगळीच आकृती लागते, कारण या हत्तीच्या बाह्यरेषेच्या आत आणखी प्राणी कोरले आहेत, जमिनीवरचे आणि पाण्यातलेही. ज्यांनी कोरला त्यांनाही तो पूर्ण कधी दिसला नसणार. इतकं मोठं चित्र डोक्यात धरून पायाखाली उतरवायचं, ही गोष्ट मला त्याच्या वयापेक्षाही जास्त चक्रावते.

हा शोध एखाद्या खात्याच्या मोहिमेतून सुरू झाला नाही. निवळी फाट्याजवळचं शिल्प आधीपासून माहीत होतं, सिंधुदुर्गातलं कुडोपीही. पण रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी २०१२ पासून सडे अक्षरशः तुडवायला घेतले. नकाशा नव्हता. होते ते गुराखी, गवत कापणाऱ्या बायका, शाळेतली मुलं आणि त्यांचे आजी-आजोबा. गावाला ठाऊकच असायचं: 'पांडवांनी कोरलंय ते', असं म्हणून कोणीतरी बरोबर चालायला लागायचं. पुढं राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयानं, तेव्हाचे संचालक डॉ. तेजस गर्गे यांच्या काळात, कामात लक्ष घातलं आणि नोंदींचा आकडा दीड हजारांच्या पुढं गेला. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत नऊ ठिकाणं गेली. त्यांत कशेळी, उक्षी, जांभरूण, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही सात रत्नागिरी जिल्ह्यातली, कुडोपी सिंधुदुर्गातलं आणि फणसायमळ गोव्यातलं.

देवाचे गोठणेच्या शिल्पावर होकायंत्राची सुई भरकटते. ही गोष्ट खरी आहे, आणि तिच्याभोवती गूढकथाही भरपूर विणल्या गेल्या आहेत. मला त्यांची गरज वाटत नाही. जांभा म्हणजे बेसॉल्ट लाखो पावसाळ्यांत कुजून उरलेलं लोह आणि ॲल्युमिनियम. उघड्या सड्यावर वीज कोसळली तर लोहयुक्त खडक ठिकठिकाणी चुंबकासारखा होऊ शकतो, हे भूशास्त्राला ठाऊक आहे. खडकातला हा फरक कोरणाऱ्यांना जाणवला होता का, हा प्रश्न मात्र चांगला आहे.

वयाच्या प्रश्नाला जांभा फारशी दाद देत नाही. कार्बन-१४ ला कधीकाळी जिवंत असलेलं काहीतरी लागतं, कोळसा, हाड, शिंपला. खाचेत तसलं काही टिकत नाही. वाळूच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला हे मोजणारी दुसरी पद्धत आहे. तिला गाडले गेलेले क्वार्ट्‌झसारखे कण हवेत. बेसॉल्टपासून झालेल्या जांभ्यात क्वार्ट्‌झ जवळजवळ नसतंच, आणि गाडलं जायला इथं माती कुठं आहे? बरं, जांभ्याच्या खाली खोल गेलं तर कालगणना भलत्याच टोकाला जाते. रत्नागिरीच्या काही विहिरींत जांभ्याखाली चिकणमाती आणि काळं लिग्नाइट लागतं. ते झाडांचे अवशेष माणूस जन्मण्याआधीचे, मायोसीन काळातले मानले जातात. म्हणजे सड्याच्या वर काही नाही आणि खाली गेलं तर एकदम काही दशलक्ष वर्षं.

मग साक्ष काढायची ती चित्रांतल्या प्राण्यांची. सड्यांवर गेंडा कोरलेला आहे. आज कोकणात गेंडा नाही, म्हणून चित्र जुनं, इथपर्यंत ठीक. किती जुनं? सांकलियांना उत्तर गुजरातेतल्या लांघणजच्या उत्खननात मध्याश्मयुगीन वस्तीत गेंड्याच्या खांद्याचं हाड मिळालं होतं. हे झालं एक टोक. दुसरीकडे श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये जी काशाची चित्रं सापडली त्यांत रथ, हत्ती, रेडा आणि चक्क गेंडा आहे. ती ताम्रपाषाण काळाची समजली जातात, म्हणजे पार अलीकडची. गेंडा एकटा साक्षीदार म्हणून कच्चा आहे.

शेती कुठं कोरलेली नाही, नांगर नाही, खळं नाही, यावरून हे शिकार करणाऱ्या, वेचून खाणाऱ्या माणसांचं काम असावं असा अभ्यासकांचा कल आहे. कल म्हणून मला तो पटतो, पुरावा म्हणून नाही. न कोरलेल्या गोष्टींवरून किती बोलायचं? युनेस्कोकडच्या नोंदीतही मध्याश्मयुगापासून आरंभीच्या ऐतिहासिक काळापर्यंत, असा ऐसपैस पल्ला दिला आहे.

मासे अधिक बोलके आहेत. मुशी, पाकट, कासव सड्यावर कोरलेले आहेत. कोरणाऱ्यांना समुद्र नीट माहीत होता. आता भाट्याच्या पुळणीवर उभं राहून पश्चिमेला पाहा. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरांच्या आसपास खाली होती. कोकणासमोरचा समुद्रतळ उथळ आणि लांबवर पसरलेला असल्यानं किनारा तेव्हा कित्येक कोस पलीकडे होता, आणि काजळी नदीला भाट्याला समुद्र भेटत नव्हता, ती उताराच्या मैदानातून पुढं जात होती. मग बर्फ वितळलं, पाणी चढत आलं आणि साधारण सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीजवळ येऊन ठेपलं. पाकट कोरणारा माणूस त्या चढत्या पाण्याच्या आधीचा की नंतरचा? आधीचा असेल तर तो मासे लांबून बघून आला होता, आणि त्याच्या वस्तीच्या खुणा आज मच्छीमारांच्या जाळ्यांखाली आहेत. नंतरचा असेल तर समुद्र त्याच्या सड्याच्या पायथ्याशीच होता.

खरंखुरं खणणं झालं ते सड्यापासून दूर. सिंधुदुर्गातल्या कणकवली तालुक्यात कोळोशीच्या गुहेत माती टिकून होती, कारण छपराखाली पाऊस येत नाही. तिथं दगडी हत्यारं निघाली. या पट्ट्यात अश्मयुगीन माणूस राहत होता याला त्यामुळं ठोस आधार मिळाला. त्याच माणसांनी सड्यावर हत्ती कोरला का, हे त्या हत्यारांनी सांगितलेलं नाही. आणखी गुहा, घळी, ओढ्याकाठचे मातीचे कप्पे शोधायचे, हेच पुढच्या हंगामांचं काम आहे.

तोवर सडा शिल्लक राहायला हवा. सातबाऱ्यावर असा कातळ बहुधा पोटखराबा म्हणून लागतो, म्हणजे पीक न देणारी जमीन. बहुतेक सडे खासगी मालकीचे आहेत, आणि कातळाला मोल येतं ते चिरे काढले की, रस्ता गेला की, नाहीतर आंब्याच्या कलमांसाठी सुरुंग लावून खड्डे फोडले की. मालकाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला चित्राचे पैसे कोणी देत नाही. बारसूच्या सड्यावर रिफायनरीचा प्रस्ताव आला तेव्हा २०२३ मध्ये ही शिल्पं मुंबईच्या वाहिन्यांवर दिसली, मग पुन्हा दिसेनाशी झाली. उक्षीला वेगळं घडलं. गावानं पुढाकार घेऊन तिथं कोरलेल्या हत्तीभोवती चिऱ्यांचा कठडा बांधला. तिथं जायचं तर सकाळी लवकर किंवा पाचनंतर जा. दुपारी बाराला गेलात तर नुसता कातळ बघून परत याल.