आल्प्समधली स्कीची सुट्टी: वडगाव निंबाळकरहून निघण्यापूर्वी

“मे महिन्यात मुलांना सुट्टी लागली की स्वित्झर्लंडला जाऊ. तिथे बर्फ बारा महिने असतो, आठवडाभर स्की करू.” वडगाव निंबाळकर, सोमेश्वरनगर, बारामती, इंदापूर या पट्ट्यात युरोपच्या सहलीचा विषय निघाला की हा बेत हमखास ऐकायला मिळतो. त्यातला बर्फाचा भाग अर्धा खरा आहे. स्कीचा भाग मात्र जवळजवळ पूर्ण चुकीचा आहे, आणि त्या चुकीपायी घरातले पैसे आणि मुलांचा उत्साह दोन्ही वाया जातात.

आपल्याकडचे ग्रुप टूर एप्रिल ते जून या काळात युरोपला जातात. त्यात 3,238 मीटर उंचीचा टिटलिस किंवा 3,454 मीटरवरचं युंगफ्राउयोख ठरलेलं असतं. तिथे हिमनदी आहे, त्यामुळे मे-जूनमध्येही बर्फात उभं राहता येतं, गोळे करून फेकता येतात, रबरी ट्यूबवर बसून घसरता येतं. मुलांना ते आवडतंच. पण ही बर्फाची भेट झाली, स्की नव्हे. नवशिक्याचं स्की होतं ते खाली, गावाजवळच्या सौम्य उतारांवर, साधारण 1,000 ते 2,000 मीटरच्या टप्प्यात. मेमध्ये तिथे हिरवं गवत आणि चरणाऱ्या गाई असतात, लिफ्ट बंद असतात आणि शिकवणारे शिक्षक दुसऱ्या कामाला लागलेले असतात.

आल्प्समधला स्कीचा हंगाम साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी फार लवकर येते आणि उन्हाळ्याची फार उशिरा. स्वित्झर्लंडमधल्या झेरमाटजवळची थेओडुल हिमनदी आणि ऑस्ट्रियातलं हिंटरटुक्स इथे वर्षभर स्की चालतं हे खरं आहे. पण ते तीन हजार मीटरच्या वर, हिमनदीच्या अंगावर. उन्हाळ्यात तिथे देशोदेशीचे शर्यतीचे संघ सराव करतात. पायात पहिल्यांदा स्की चढवणाऱ्या कुटुंबाने तिथून सुरुवात करू नये.

मग जायचं कधी? नाताळ ते नववर्ष हा सर्वांत महाग आठवडा, खोल्या कित्येक महिने आधी भरतात. फेब्रुवारीत युरोपातल्या शाळांना हिवाळी सुट्टी असते, त्यामुळे उतारांवर गर्दी आणि दर चढे. आपल्याकडे त्याच सुमारास दहावी-बारावीची बोर्डाची परीक्षा. राहतो तो जानेवारीचा दुसरा आठवडा ते महिन्याची अखेर. थंडी कडक असते, दिवस लहान असतात, पण गर्दी ओसरलेली असते आणि हॉटेलांचे दर उतरलेले असतात. मुलं पाचवी-सातवीच्या आसपास असतील तर आठ दिवसांची रजा मागून याच काळात जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. शाळा बुडवायचीच नसेल तर फ्रान्समधलं वाल तोरांस पाहावं. ते 2,300 मीटरवर वसलेलं असल्यामुळे तिथला हंगाम मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लांबतो. वार्षिक परीक्षा संपताच निघालात तर शेवटचे काही दिवस पदरात पडतात. त्या दिवसांत सकाळी बर्फ टणक असतो आणि दुपारी त्याचा चिखल होतो, म्हणून लवकर उठून दुपारच्या जेवणापर्यंत स्की आटपावं लागतं.

दुसरी अडचण आपल्या शिवारातली आहे आणि ती कुठलीही टूर कंपनी लक्षात घेत नाही. स्कीचा हंगाम आणि साखर कारखान्यांचा गाळप हंगाम एकाच वेळी चालतात. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती यांची धुराडी नोव्हेंबरात पेटली की ऊस उभा असलेल्या घरातला कर्ता माणूस गाव सोडत नाही, आणि सोडूही नये. टोळी कधी येईल, वाहन कधी मिळेल याचा नेम नसतो. ज्यांची जुलै-ऑगस्टची आडसाली लागण आहे त्यांचा ऊस बहुधा हंगामाच्या पहिल्या भागात जातो. त्यांना जानेवारीची अखेर मोकळी मिळू शकते. सुरू आणि खोडवा असणाऱ्यांनी एप्रिलचाच विचार करावा. विमानाचं तिकीट काढण्याआधी गटकार्यालयात नोंदीची तारीख बघणं हेच इथलं पहिलं नियोजन आहे.

“बर्फ म्हणजे खूप उंच जायचं, आपल्या म्हाताऱ्या माणसांना श्वास लागेल” ही भीतीही बरीच ऐकू येते. बारामती समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे. स्वित्झर्लंडचं इंटरलाकेन आणि ऑस्ट्रियाचं इन्सब्रुक ही आल्प्समधली दोन प्रसिद्ध गावं साधारण त्याच उंचीवर आहेत. स्कीसाठी नावाजलेलं ग्रिंडेलवाल्ड 1,034 मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा तीनशे मीटर खाली. तिथे बर्फ पडतो तो ती गावं विषुववृत्तापासून फार दूर, 46-47 अंश उत्तरेला असल्यामुळे. तेव्हा आजी-आजोबा गावात आरामात राहू शकतात. जपायचं ते केबलकारने एका दमात तीन हजार मीटरच्या वर जाताना. तिथे हवा विरळ होते, डोकं दुखतं, चालताना धाप लागते. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच वर जावं, आणि वर धावपळ कुणीच करू नये.

“आल्प्स आहे म्हटल्यावर बर्फाची खात्री” हा समज तर आता तिथल्या लोकांनीही सोडून दिला आहे. हिवाळे उबदार होत चालले आहेत आणि कमी उंचीच्या गावांना त्याचा फटका सर्वांत आधी बसतो आहे. अनेक ठिकाणी उतारांवरचा बर्फ यंत्राने बनवलेला असतो. स्वित्झर्लंडमध्ये स्कीच्या उतारांपैकी निम्म्याहून अधिक क्षेत्रावर अशी यंत्रं आहेत, इटलीत तर हे प्रमाण सुमारे नव्वद टक्के आहे. थंड हवेत पाण्याचे बारीक थेंब फवारले जातात आणि जमिनीवर पडेपर्यंत ते गोठतात. त्यासाठी डोंगरात तळी बांधून पाणी साठवतात. एक हेक्टर उतारावर फूटभर बर्फाचा थर द्यायला साधारण 1,000 घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर पाणी लागतं. नीरा डाव्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला हे चटकन समजेल: हेक्टरभर उसाला मोकाट पाण्याची एक पाळी दिली की साधारण तेवढंच पाणी जातं. फरक इतकाच की तिथलं बरंचसं पाणी उन्हाळ्यात वितळून पुन्हा ओढ्याला मिळतं. प्रवाशाने यातून घ्यायचं ते व्यवहाराचं. गाव निवडताना त्याचे उतार किती उंचीपर्यंत जातात ते पाहावं. वरचं टोक दोन हजार मीटरच्या वर असेल तर बर्फ मिळण्याची शक्यता चांगली.

आता मुख्य गोष्ट. आपल्याला सहल म्हणजे आठ दिवसांत पाच शहरं अशी सवय आहे. स्कीची सुट्टी अगदी उलटी असते: एक गाव, एक खोली, पाच-सहा दिवस तोच उतार. स्की ही शिकण्याची गोष्ट आहे. पहिला दिवस बूट घालून चालण्यात आणि पडून उठण्यात जातो. दुसऱ्या दिवशी स्कीची पुढची टोकं जवळ आणून वेग कमी करायला जमतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वळणं येतात आणि खरी मजा तिथून सुरू होते. जे “एक दिवस करून बघू” म्हणतात ते नेमके सगळ्यांत त्रासाचे दिवस विकत घेतात. स्की शाळांचे वर्ग रविवार किंवा सोमवारपासून पाच-सहा दिवस चालतात, म्हणून शनिवारी पोहोचावं. फ्रान्समध्ये तर अनेक घरं हंगामात शनिवार ते शनिवारच भाड्याने मिळतात.

लहान मुलांना इजा होईल म्हणून त्यांना बाजूला बसवणारे पालक मोठीच संधी दवडतात. बहुतेक स्की शाळा तीन-चार वर्षांच्या मुलांना घेतात. त्यांच्यासाठी कुंपण घातलेली जागा असते आणि वर न्यायला जमिनीलगत सरकणारा पट्टा असतो. मुलं मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. चाळिशीतल्या आई-बाबांनाही वयाची आडकाठी नाही, मात्र गुडघे आणि मांड्या तयार हव्यात. आधीचे दोन महिने रोज जिने चढणं आणि उठाबशा काढणं याला पर्याय नाही. ज्यांना स्की नकोच, त्यांच्यासाठी गावात बर्फ दाबून केलेल्या पायवाटा आणि लाकडी स्लेज असतात.

उतारांना रंगांच्या खुणा असतात. फ्रान्समध्ये सर्वांत सोपा हिरवा, मग निळा, लाल आणि शेवटी काळा. स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियात सुरुवातच निळ्यापासून होते. पुढे चाललेल्या माणसाचा हक्क पहिला, मागून येणाऱ्याने त्याला चुकवायचं, हा नियम जगभर आहे. खुणांच्या बाहेरच्या कोऱ्या बर्फात मुलांना कधीही नेऊ नये. हिमकडे कोसळतात ते तिथेच.

सामान विकत घ्यायची गरज नसते. स्की, बूट, काठ्या, हेल्मेट सगळं गावात भाड्याने मिळतं. बूट मात्र दुकानात वेळ घेऊन नीट बसवून घ्यावेत, कारण चुकीच्या मापाचा बूट सगळी सुट्टी खराब करतो. कपड्यांत मोठी चूक म्हणजे जीन्स, सुती बनियन आणि त्यावर तीन स्वेटर. सुती कापड घामाने भिजतं आणि मग अंगातली ऊब ओढून घेतं. आत थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, बाहेर पाणी न शिरणारं जॅकेट आणि पँट, एवढे तीन थर पुरतात. थंडीत ऊन लागत नाही हेही खोटं. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो आणि उंचीवर ते किरण मुळातच तीव्र असतात. गॉगल आणि सनस्क्रीन हवंच, मुलांना तर नक्कीच.

खर्चाबद्दल एवढंच: स्वित्झर्लंडच्या मोठ्या स्की क्षेत्रात प्रौढ माणसाचा एका दिवसाचा पास साधारण 70 ते 90 फ्रँकला पडतो. नवशिक्याला पूर्ण डोंगराचा पास लागतच नाही. शिकण्याच्या उतारांचा वेगळा, स्वस्त पास मागावा. रेल्वेसाठीचा स्विस ट्रॅव्हल पास म्हणजे स्कीचा पास नव्हे, हेही ध्यानात ठेवावं. ऑस्ट्रिया बहुतेक बाबतींत स्वित्झर्लंडपेक्षा परवडतं. स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं तर जेवणाचा खर्चही आटोक्यात राहतो आणि माळकरी घरांचा शाकाहाराचा प्रश्नही सुटतो.

व्हिसा आणि विमा यांची गल्लत सगळ्यांत महागात पडते. शेंगेन व्हिसा एकच असला तरी अर्ज करायचा तो जिथे सर्वाधिक मुक्काम आहे त्या देशाकडे. सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि किमान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. बारा वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. व्हिसासाठी 30,000 युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो, आणि तो काढला की स्कीचा अपघातही त्यात आला, असं बहुतेकांना वाटतं. अनेक पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात. उतारावरून हेलिकॉप्टरने उचलावं लागलं तर बिल काही हजार फ्रँकांचं होतं. म्हणून हिवाळी खेळ, उतारावरून सुटका आणि दुसऱ्याला झालेली इजा हे तिन्ही पॉलिसीत लिहिलेलं आहे का, ते वाचूनच पैसे भरावेत. इटलीत दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा 2022 पासून कायद्यानेच सक्तीचा आहे.

आणि ज्यांना मुलांना स्की आवडेल की नाही याचीच खात्री नाही, त्यांनी आधी गुलमर्गला जावं. भारतात स्की म्हणजे फोटोपुरता खेळ, हा समज खरा नाही. गुलमर्ग 2,650 मीटरवर आहे, तिथे केंद्र सरकारची स्की आणि गिर्यारोहण संस्था आहे, आणि त्याच उतारांवर घडलेला आरिफ खान 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये जायंट स्लॅलममध्ये 45 वा आला. मनालीची अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था सोलंगला स्कीचे वर्ग घेते. उत्तराखंडच्या औलीचा रोपवे जोशीमठची जमीन खचल्यामुळे जानेवारी 2023 मध्ये बंद करावा लागला, म्हणून तिथली स्थिती विचारूनच निघावं. बर्फाची हमी इथेही नाही: 2024 चा जानेवारी गुलमर्गला जवळजवळ कोरडा गेला आणि मोठी बर्फवृष्टी महिना संपता संपता झाली. तरी व्हिसा नाही, खर्च कितीतरी कमी, आणि शिक्षकाशी हिंदीत बोलता येतं. इथे चार दिवसांत मुलांना गोडी लागली तर आल्प्सवर केलेला खर्च सत्कारणी लागेल.

बेत पुढच्या हिवाळ्याचा असेल तर कपाटातले पासपोर्ट आजच काढून पाहा. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो आणि शेंगेनमधून परतल्यानंतरही तो किमान तीन महिने वैध असावा लागतो.