स्कॉट बेडर कॉमनवेल्थ

स्कॉट बेडर कॉमनवेल्थ : इंग्लंडमधील एका रसायन-उद्योगाची मालकी धारण करणारी, त्याच उद्योगात काम करणाऱ्यांची सामाईक संस्था. स्थापना १९५१. मुख्य ठाणे नॉर्थॅम्पटनशर परगण्यातील वुलस्टन हे गाव. स्कॉट बेडर कंपनीचे भाग या संस्थेच्या हाती असून, नफ्यातून कामगारांना जेवढा बोनस वाटावयाचा तेवढीच रक्कम कंपनीबाहेरील धर्मादाय कार्यास द्यावयाची, असा दंडक तिने स्वतःवर घालून घेतला. त्यानुसार स्वदेशातील व परदेशांतील लहान लहान लोकोपयोगी प्रकल्पांना ती साहाय्य करते. उद्योगपतींनी केलेल्या दानधर्माची उदाहरणे पुष्कळ आढळतात. परंतु दानाची रक्कम कामगारांच्या स्वतःच्या बोनसशी निगडित करणारी व ती कोणास द्यावी, हे त्यांच्याच मताने ठरविणारी संस्था विरळाच.

कंपनीचा संस्थापक अर्नेस्ट बेडर (१८९०–१९८२) हा मूळचा स्वित्झर्लंडमधील शेतकरी कुटुंबातील. पहिल्या महायुद्धापूर्वी तो इंग्लंडमध्ये आला व डोरा स्कॉट या इंग्रज स्त्रीशी विवाह करून तेथेच स्थायिक झाला. १९२१ मध्ये त्याने लंडनमध्ये आपला व्यवसाय सुरू केला व त्यास पत्नीचे आणि स्वतःचे आडनाव जोडून नाव दिले. आरंभी सेल्युलॉइडची आयात व विक्री एवढाच व्यवहार होता. पुढे रंग व रोगण यांस लागणारी रसायने तयार करण्याकडे कंपनी वळली. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँबहल्ले सुरू झाल्यावर १९४० मध्ये बेडरने आपला व्याप वुलस्टन येथे हलविला. युद्धोत्तर काळात असंपृक्त पॉलिएस्टर रेझिने ब्रिटनमध्ये प्रथम तयार करणाऱ्या कारखान्यांत या कंपनीची गणना होऊ लागली. काचतंतूंशी संयोग केला असता या रेझिनांपासून हलके पण बळकट प्लॅस्टिक बनते आणि त्याचा उपयोग बोटी, टाक्या, वाहनांचे भाग इत्यादींसाठी करतात. धंदा भरभराटीस आला, तो मुख्यतः या उत्पादनामुळे.

बेडर शांततावादी होता व पुढे तो क्वेकर पंथाचा अनुयायी झाला. कॅडबरी, राउंट्री यांसारख्या क्वेकर घराण्यांनी कारखानदारीतून मिळालेल्या संपत्तीचा मोठा वाटा लोककल्याणासाठी बाजूस काढल्याची परंपरा इंग्लंडमध्ये होतीच. जोसेफ राउंट्री याने १९०४ मध्ये स्थापिलेले न्यास हे त्याचे ठळक उदाहरण. बेडरचा विचार मात्र याहून पुढे गेला. एके काळी स्वतः पगारी नोकर असलेल्या या माणसास, भांडवल माणसास कामावर ठेवते, ही व्यवस्थाच मुळात सदोष वाटू लागली. नफा मिळवून झाल्यावर त्यातील काही भाग दान करणे, हा त्यावरील उपाय नव्हे. नफ्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्याआधीचा आहे, अशी त्याची भूमिका होती. महात्मा गांधींच्या विश्वस्त-कल्पनेशी तिचे साम्य उघड आहे. फरक इतकाच, की विश्वस्त-कल्पनेत धनिकाने संपत्ती आपल्याकडे ठेवून ती समाजासाठी सांभाळावी, अशी अपेक्षा असते. बेडरने ती हातावेगळीच केली.

१९५१ मध्ये बेडर कुटुंबाने कंपनीचे ९०% भाग कॉमनवेल्थच्या स्वाधीन केले. उरलेले १०% भाग व त्यांबरोबर असलेले विशेष अधिकार मात्र संस्थापकाकडे राहिले. म्हणजे नफा सर्वांचा झाला. पण निर्णायक शब्द पूर्वीच्याच मालकाचा राहिला. या विसंगतीची टोचणी दोन्ही पक्षांस होती. बेडर स्वभावाने करारी होता, आणि आपले औदार्य इतरांनी कसे वापरावे, याविषयीही त्याची मते ठाम होती. मालकी देऊन टाकण्यापेक्षा मालकीची सवय टाकणे अधिक कठीण असते, याचा अनुभव वुलस्टनमध्ये बारा वर्षे येत होता. अखेर १९६३ मध्ये उर्वरित भागही कॉमनवेल्थकडे आले व संस्थापकाचे विशेष मताधिकार संपुष्टात आले.

त्या वेळी सिद्ध झालेल्या घटनेतील तरतुदी लक्षणीय आहेत. कंपनीचा आकार सुमारे ३५० माणसांपलीकडे वाढू द्यावयाचा नाही. वाढ अटळच झाली, तर स्वतंत्र नव्या उद्योगास जन्म द्यावयाचा. सर्वांत कमी व सर्वांत जास्त वेतन यांतील प्रमाण, करपूर्व हिशेबाने, १ : ७ याहून अधिक असता कामा नये. येथे काम करणारे नोकर नसून सहभागी होत. गंभीर गैरवर्तनाखेरीज अन्य कारणाने त्यांस कामावरून काढता येत नाही. संचालक मंडळ कॉमनवेल्थला जबाबदार असून संचालकांच्या नेमणुका कायम करण्याचा वा रद्द करण्याचा अधिकार तिच्याकडे आहे. युद्धकार्यासाठी माल वापरणार, असे ज्या गिऱ्हाइकाविषयी ठाऊक असेल, त्यास माल विकावयाचा नाही. रसायनांच्या धंद्यात ही शेवटची अट स्वस्तात पाळता येण्याजोगी नाही, हे सांगावयास नको.

नफ्याच्या वाटपाचा नियमही घटनेतच आहे. निव्वळ नफ्यापैकी किमान ६०% रक्कम कर भरण्यासाठी व कंपनीच्या स्वतःच्या वाढीसाठी राखून ठेवावयाची. उरलेल्या, जास्तीत जास्त ४०% रकमेचे दोन समान भाग करावयाचे : एक काम करणाऱ्यांच्या बोनसचा, दुसरा बाहेरील धर्मादाय कार्याचा. यातील मर्म समान वाट्यात आहे. एरवी कंपनीचे दान ही संचालकांची मर्जी असते. वर्ष वाईट गेले की प्रथम तेच कापले जाते. येथे दान कमी करावयाचे, तर स्वतःचा बोनसही तितकाच कमी करावा लागतो. उलट, बोनस वाढवून घ्यावयाचा, तर अनोळखी माणसांसाठीही तितकेच बाजूस काढावे लागते. १९५१ ते १९७१ या वीस वर्षांत कामगारांना दीड लाख पौंडांहून अधिक रक्कम बोनस म्हणून मिळाली व तेवढीच धर्मादाय कार्यास गेली. याच काळात कंपनीची वार्षिक विक्री सु. ६,२५,००० पौंडांवरून ५० लक्ष पौंडांवर, निव्वळ नफा ७२,००० पौंडांवरून जवळजवळ ३ लक्ष पौंडांवर आणि माणसांची संख्या १६१ वरून ३७९ वर गेली. ३५० ची मर्यादा तेव्हाच ओलांडली गेली होती, हे या आकड्यांवरून दिसतेच. पुढे परदेशांत कारखाने निघाल्यावर ती पाळणे अशक्यच झाले.

हे आकडे प्रसिद्धीस आले, ते अर्थशास्त्रज्ञ ई. एफ्. शूमाखर (१९११–७७) याच्यामुळे. शूमाखर स्कॉट बेडरचा एक संचालक होता. स्मॉल इज ब्यूटिफुल (१९७३) या आपल्या गाजलेल्या ग्रंथात मालकीच्या नव्या प्रकारांची चर्चा करताना त्याने या कंपनीचे उदाहरण विस्ताराने मांडले. महाराष्ट्राशी त्याचा संबंध असा, की जानेवारी १९६१ मध्ये पुणे येथे भरलेल्या आर्थिक विकासविषयक आंतरराष्ट्रीय परिसंवादात त्याने निबंध वाचला होता व ज्यांना सर्वाधिक गरज आहे त्यांनाच मदत पोहोचावी, हा त्याचा विषय होता. मोठ्या योजनांपेक्षा, लोकांस स्वतः चालविता येतील अशा लहान योजनांवर त्याचा भर होता. कॉमनवेल्थच्या अनुदानांचे धोरण याच विचाराशी जुळणारे आहे.

अनुदाने सामान्यतः अशा संस्थांस दिली जातात, की ज्यांना मोठ्या दानसंस्थांची दारे सहसा उघडत नाहीत. पिण्याचे पाणी, प्राथमिक शिक्षण, मुलांचे व स्त्रियांचे आरोग्य, निराधारांचा निवारा ही त्यांची क्षेत्रे. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पाचशे ते दोन हजार पौंडांची छोटी अनुदाने दिली जात. शिवाय दरवर्षी सु. २५,००० पौंडांची दोन मोठी अनुदाने सभासदांच्या मतदानाने ठरत. कंपनीच्या परदेशांतील कारखान्यांत काम करणाऱ्यांना आपापल्या परिसरातील कामांसाठी निधीचा काही भाग स्वतः वाटता येतो. दक्षिण आफ्रिकेतील कारखान्याच्या आसपास कोणत्या शाळेला गरज आहे, हे वुलस्टनमध्ये बसून ठरविण्यापेक्षा तेथील कामगारानेच सांगणे अधिक बरे, हा त्यामागील साधा व्यवहार होय. लहान अनुदानांना एक गैरसोयही असते : पाचशे पौंडांच्या अर्जाची छाननी करण्यास पंचवीस हजारांच्या अर्जाइतकाच वेळ लागू शकतो, आणि दूर देशातील कामाची पाहणी करणे खर्चाच्या मानाने परवडत नाही. त्यामुळे अर्जदार संस्थेची विश्वासार्हता हाच निवडीचा मुख्य आधार ठरतो.

उद्योगाची मालकी न्यासाकडे असण्याची पद्धत स्कॉट बेडरपेक्षा जुनी आहे. डेन्मार्कमधील कार्ल्सबर्ग प्रतिष्ठान (१८७६) व जर्मनीतील येना येथे एर्न्स्ट आबे याने स्थापिलेले कार्ल झाइस प्रतिष्ठान (१८८९) ही त्याची सुविख्यात उदाहरणे. भारतात टाटा सन्स या कंपनीचे सु. ६६% भाग टाटा कुटुंबीयांनी स्थापिलेल्या धर्मादाय न्यासांकडे असून मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्था व टाटा स्मारक रुग्णालय यांची उभारणी सर दोराबजी टाटा न्यासाच्या साहाय्याने झाली. या सर्व ठिकाणी दानाचा विनियोग विश्वस्त करतात, कामगार नव्हे. ब्रिटनमधील जॉन लुईस या दुकानसमूहात नफा कामगारांत वाटला जातो. परंतु तितकीच रक्कम बाहेर देण्याचे बंधन तेथे नाही. दोन्ही गोष्टी एकत्र आणणे, हे बेडरचे वैशिष्ट्य. भारताच्या २०१३ च्या कंपनी अधिनियमाने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २% रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयास लावले (१ एप्रिल २०१४ पासून). तो खर्च सामान्यतः भारतातच करावा लागतो.

आपल्या प्रयोगाचा प्रसार व्हावा म्हणून बेडरने १९५८ मध्ये उद्योगांतील लोकशाहीचा पुरस्कार करणारी एक संस्था काढली. तिचेच रूपांतर १९७१ मध्ये ‘इंडस्ट्रियल कॉमन ओनरशिप मूव्हमेंट’ या चळवळीत झाले. तिच्या प्रयत्नांतून १९७६ मध्ये ब्रिटिश संसदेने औद्योगिक सामाईक मालकीचा कायदा संमत केला व अशा उद्योगांसाठी कर्जाऊ निधीची तरतूद केली. अनेक लहान सहकारी कारखाने त्या आधारावर निघाले. आपला चालता कारखाना कामगारांच्या स्वाधीन करणारे मालक मात्र बेडरनंतर फारसे पुढे आले नाहीत. बेडर १९८२ मध्ये वारला. कंपनीने २०२१ मध्ये शंभर वर्षे पूर्ण केली, तेव्हाही तिची मालकी कॉमनवेल्थकडेच होती.